भुताच्या तोंडून, बाईच्या तोंडून

(राळेगणसिद्धी येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'भयपट, गाण्यांचे व्हिडिओ आणि स्त्री दिग्दर्शक' असा छापला आहे. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी मला विचारलं, की रेशन, पोटगी, पाणी हे सगळे प्रश्न पडलेले असताना ही भुतंखेतं आणि नाचगाणी मधेच कुठून काढलीत? प्रश्न रास्त आहे. त्यातून आपण बसलोय राळेगणमध्ये. १९७५ नंतर या गावाची घडी नव्यानं बसली. दारूच्या भट्ट्या गेल्या, बांधबंदिस्ती झाली, पाणी अडलं. या गावाचा अभ्यास करणाऱ्यांनी आणखीही एक गोष्ट लिहून ठेवली आहे. लग्नाच्या मांडवात सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत आणि सिनेमा दाखवायचाच तर संतांचा दाखवायचा, असा इथे नियम होता.

दारूबंदी आणि गाणेबंदी या दोन गोष्टी एका दावणीला बांधू नयेत असं माझं मत आहे. दारू बंद झाली की बाईची पाठ वाचते, घरात चार पैसे राहतात. ते मागण्यासाठी आपण मोर्चे काढले आहेत. गाणं बंद झाल्यानं बाईचं काय वाचतं? फार तर तिनं काय पाहावं, ते दुसरं कोणीतरी ठरवतं.

बरं, संतांच्या सिनेमात तरी काय असतं? प्रभातचा 'संत सखू' आठवून बघा. १९४१ सालचा, हंसा वाडकरांचा. सखूची गोष्ट तर आपल्यापैकी प्रत्येकीला आजीनं सांगितलेली आहे. सासू मारते, कोंडून ठेवते, बांधून घालते. मग विठ्ठल सखूचं रूप घेऊन तिच्या जागी येतो, मार खातो, दळण दळतो, आणि खरी सखू पंढरीला जाते. एका सुनेच्या दोन सुना! घरातल्या कोणाला पत्ता नाही की आपल्यासमोर वाकून काम करतेय ती बाई नव्हेच. यातला देव जरा बाजूला ठेवा. उरते ती अंगावर काटा आणणारीच कथा आहे. तिला आपण भक्तिपट म्हणतो, कारण येणारा देव आहे. तोच जर कोणी मेलेला गडी असता, तर तिला भुताचा सिनेमा म्हणालो असतो.

हे मी गमतीनं सांगत नाही. छळाची तक्रार सुनेनं स्वतः केली तर ऐकून घेतलं जात नाही, काहीतरी अमानवी घडलं की मात्र अख्खं घर हात जोडून उभं राहतं, हे आपल्याकडे फार जुनं आहे. आणि ज्या बाईबद्दल मला आज बोलायचं आहे, तिची चाळीस वर्षांची कारकीर्द याच एका गोष्टीभोवती फिरलेली मला दिसते.

त्या म्हणजे अरुणा राजे. १९४६ सालचा जन्म, पुण्याचा. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. ही संस्था १९६० साली सुरू झाली ती प्रभातच्याच जागेत, म्हणजे जिथे सखू दोराला बांधली गेली त्याच आवारात. १९६९ मध्ये अरुणाबाई सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या. हिंदी सिनेमाच्या धंद्यात रीतसर शिक्षण घेऊन आलेली पहिली स्त्री तंत्रज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांचं मूळ काम संकलन.

संकलन म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. चित्रीकरण झालेल्या ढिगातून काय ठेवायचं, काय टाकायचं, कुठलं चित्र किती वेळ दाखवायचं हे ठरवण्याचं काम. बाया हे काम चांगलं करतात, कारण ते शिवणकामासारखं नाजूक आहे, असं म्हणणारे पुरुष मला या धंद्यात पुष्कळ भेटले. मला तर ते निवडणं-टिपणं जास्त वाटतं. तांदळातला खडा काढणाऱ्या बाईला कोणी नाजूक म्हणत नाही. भयपटात तर सगळा खेळ संकलनाचाच असतो. रिकाम्या दारावर कॅमेरा दोन क्षण जास्त ठेवला की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दारातून काही यायची गरज नसते. आवाज आधी येऊ द्यायचा, माणूस नंतर. ज्या बाईनं रात्री उशिरा जिन्यावरची पावलं ऐकून नवरा किती पिऊन आलाय ते ओळखलेलं आहे, तिला हे शिकवायला लागत नाही.

अरुणाबाईंनी इन्स्टिट्यूटमधल्या विकास देसाईंशी लग्न केलं आणि दोघांनी 'अरुणा-विकास' या जोडनावानं काम केलं. १९७६ मध्ये 'शक', नवऱ्यावर संशय आलेल्या बायकोची गोष्ट, शबाना आझमी आणि विनोद खन्ना. आणि १९८० मध्ये 'गहराई'.

'गहराई' हा हिंदीतला वेगळ्याच जातीचा भुताचा सिनेमा आहे. त्या काळात भुताचा सिनेमा म्हटलं की पडका वाडा, धूर, वटवाघळं आणि ओल्या कपड्यातली नटी. इथे यातलं काही नाही. बंगळूरमधलं एक सुशिक्षित घर. बाप चेनबसप्पा मोठ्या हुद्द्यावर आहे. हे काम डॉ. श्रीराम लागूंनी केलंय. देवाला रिटायर करा म्हणणाऱ्या लागूंना भुताच्या सिनेमात बघायचं म्हणजे मौजच आहे, आणि ती मौज दिग्दर्शकांना कळलेली आहे. पटकथेला विजय तेंडुलकरांचा हात आहे. बाप गावाकडची वडिलोपार्जित जमीन विकून टाकतो. ती जमीन राखणारा बसवा तिला आईच्या जागी मानणारा. तो विरोध करतो, त्याचं कोण ऐकतो! आणि मग घरातली शाळकरी मुलगी उमा वेगळं वागायला लागते. वेगळ्याच आवाजात बोलायला लागते. काय बोलते? बापानं बसवाच्या बायकोचं काय केलं, ते. जमिनीच्या मालकानं राखणदाराच्या बायकोवर हात टाकला होता, आणि आज ती गोष्ट मालकाच्याच मुलीच्या तोंडून दिवाणखान्यात बाहेर पडते.

यातलं काय नवीन आहे आपल्याला? गड्याची बायको मालकाला मोकळी, ही गोष्ट कुठल्या तालुक्यात घडलेली नाही? पण ती गड्याच्या बायकोनं सांगायची सोय नव्हती, गड्यानं सांगायची नव्हती. भुतानं सांगितली तेव्हा आई, भाऊ सगळे ऐकायला लागले. आणि तेही लगेच नाही. आधी डॉक्टर येतो, मग मनोविकारतज्ज्ञ, मग विजेचे झटके. मग एकापाठोपाठ एक मांत्रिक. मुलीचं तोंड बंद करायला सगळे तयार आहेत, फक्त ती जे सांगते त्याचा तपास करायला कोणी तयार नाही.

साल बघा, १९८०. चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, आणि १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. त्या मोर्चांत असलेल्या आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणी आजही सांगतात, की मुलगी ओरडली नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणून संमती होती असं न्यायालय म्हणालं. म्हणजे तिचं बोलणं पुरावा नाही. त्याच वर्षी 'इन्साफ का तराजू' आला. त्यात झीनत अमानच्या धाकट्या बहिणीचं काम पद्मिनी कोल्हापुरेनं केलं, आणि 'गहराई'तली उमाही तीच. जेमतेम पंधरा वर्षांची मुलगी. एका सिनेमात न्यायालय बाईचं ऐकत नाही, म्हणून शेवटी तिला पिस्तूल उचलावं लागतं. दुसऱ्यात कोणी ऐकत नाही, म्हणून भूत बोलतं. मला स्वतःला दुसरा जास्त खरा वाटतो. पिस्तूल आपल्याकडे कोणाकडे असतं? अंगात येणं मात्र गल्लोगल्ली आहे.

त्याच 'गहराई'त मांत्रिकाच्या प्रसंगात त्या मुलीला ज्या तऱ्हेनं दाखवलं आहे, तसं आज कोणी दाखवू धजणार नाही, आणि धजूही नये. दिग्दर्शकांच्या जोडीत एक बाई होती म्हणून मी त्याला माफ करणार नाही.

हा सिनेमा मी आमच्या भागात चार-पाच वस्त्यांवर बायांना दाखवला आहे. हिंदी कळायला थोडी अडचण येते, पण उमा बदललेल्या आवाजात बोलायला लागली की सगळ्या सावरून बसतात. एका ठिकाणी सिनेमा संपल्यावर पन्नाशीच्या एक बाई म्हणाल्या, "माझ्या अंगात यायचं ना, तेव्हा सासरा माझ्या पाया पडायचा. एरवी भाकरी फेकून मारायचा." सगळ्या हसल्या. मग दुसरी म्हणाली, "मग आता का येत नाही?" त्या म्हणाल्या, "सासरा मेला ना."

एवढं मोठं स्त्री-अभ्यासाचं वाक्य मी कुठल्या परिसंवादात ऐकलेलं नाही.

पण आपल्यातल्याच अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या मैत्रिणींचा याला आक्षेप आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. 'गहराई'त भूत खोटं ठरत नाही. डॉक्टर हरतो आणि शेवटी मांत्रिकाच्याच विद्येनं उमा मोकळी होते. ज्या भागात आजही पोरीला भगताकडे नेऊन मिरच्यांची धुरी देतात, तिथे असा सिनेमा दाखवायचा का? डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरानं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं-चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं यांचं आहे. ही यादी वाचताना सखूच आठवते. हे सगळं ज्या देहांवर होतं, त्यांत बायकांचे देह किती असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे, की दाखवावा, आणि दाखवून उठून जाऊ नये. भूत आहे की नाही यावर वाद घालत बसलं तर रात्र संपते. त्याऐवजी विचारावं, की ती पोर जे बोलली ते खरं होतं की खोटं? बाया लगेच सांगतात, खरं होतं. मग विचारावं, बसवाची बायको हे स्वतः बोलली असती तर? तिथून पुढचं बोलणं आपोआप होतं, आणि त्यात भुताचं नावही येत नाही.

आता पुढचं. 'अरुणा-विकास' हे जोडनाव. १९८२ मध्ये स्मिता पाटील आणि नसीरुद्दीन शाह यांचा 'सितम' आला. १९८३ च्या 'मासूम'चं संकलन याच जोडीचं. नंतर लग्न मोडलं. त्याच सुमाराला छोटी मुलगी कर्करोगानं गेली. हे सगळं अरुणाबाईंनी २०१७ साली निघालेल्या 'फ्रीडम: माय स्टोरी' या आत्मचरित्रात लिहिलेलं आहे, म्हणून इथे बोलते आहे. दुःखाचं दुःख, आणि वर धंद्यातला प्रश्न, की जोडीतली बाई एकटी सिनेमा करू शकते का? जोडनावात कोणाचा किती वाटा, हे विचारायची वेळ आली की लोक तो पुरुषाच्या खात्यावर जमा करतात. शेतात बाईच राबते आणि शेतकरी म्हटलं की धोतर-टोपीच डोळ्यांसमोर येते, तसंच हे. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायला किती घरांत कुरकुर झाली, ते आपल्याला माहीत आहे. सिनेमाची श्रेयनामावली हाही एक सातबाराच आहे.

त्या एकट्यांनी उभ्या राहिल्या त्या १९८८ च्या 'रिहाई'नं. गुजरातमधलं एक गाव, कर्ते पुरुष कामाला मुंबईला. पारनेर तालुक्यात हे समजावून सांगायला नको. इथल्या किती घरांनी मनीऑर्डरीवर दिवस काढले! पुरुष शहरात काय करतात, ते कोणी विचारत नाही. गावात राहिलेली टकू, म्हणजे हेमा मालिनी, दुबईहून आलेल्या एका माणसाच्या नादी लागते, तिला दिवस जातात आणि ती गर्भ पाडायला नकार देते. प्रकरण पंचायतीपुढे येतं. तिथे टकूच्या अंगात कोणी येत नाही. तिला जे म्हणायचं आहे ते ती स्वतःच्या तोंडानं म्हणते, आणि गावातल्या बाया तिच्या बाजूनं उभ्या राहतात. आठ वर्षांपूर्वी जी गोष्ट भुताला सांगावी लागली, त्या जातीची गोष्ट आता बाई सांगते आहे. मला हा बदल फार मोठा वाटतो. 'रिहाई' हा निर्दोष सिनेमा आहे असं मी म्हणत नाही. हेमा मालिनीच्या साड्यांची घडी जरा जास्तच नीट आहे.

गाण्यांच्या व्हिडिओंचं काय, असं आता तुम्ही विचाराल. तिथे माझा स्वतःचा जन्म गेला. व्हीसीडीचा जमाना होता तेव्हापासून मी लोकगीतांच्या, कोळीगीतांच्या व्हिडिओंचं संकलन करत आले आणि पुढे काही बसवलेही. हे काम कसं चालतं? गाणं आधी ध्वनिमुद्रित झालेलं असतं. चित्रीकरणाच्या जागी ते भोंग्यावर लावतात आणि मुली ओठ हलवतात. संथ हालचाल हवी असेल तर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, मुलीनं दुप्पट वेगानं नाचायचं, आणि पडद्यावर ते निम्म्या वेगानं दाखवायचं. पडद्यावर जी अलगद वाऱ्यावर झुलताना दिसते, ती प्रत्यक्षात उन्हात धापा टाकत असते. एक दिवस, एक भाड्याची बाग, दोन साड्या आणि संध्याकाळपर्यंत गाणं संपलं पाहिजे. एका कंपनीत माझ्या मागे उभं राहून मालक सांगायचे, "बाई, चेहरा कमी करा, कंबर वाढवा." चेहऱ्याचं चित्र मी चार सेकंद ठेवलं की ते खाकरायचे. त्या व्हिडिओंवर गायकाचं नाव असायचं, कंपनीचं असायचं, माझं नसायचं, आणि नाचणारीचं तर कधीच नसायचं.

२००२ मध्ये 'कांटा लगा'चा रिमिक्स व्हिडिओ गाजला. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'तलं, लताबाईंचं. व्हिडिओवर खूप गदारोळ झाला. नाचणारी शेफाली जरीवाला देशभर 'कांटा लगा गर्ल' म्हणून ओळखली गेली, आणि २०२५ मध्ये ती अकाली गेली तेव्हाही बातम्यांत तेच नाव होतं. त्या गदारोळात फार थोड्यांनी लक्षात घेतलं, की तो व्हिडिओ राधिका राव आणि विनय सप्रू या जोडीनं दिग्दर्शित केला होता. पुन्हा जोडनाव, आणि त्यात एक बाई. बाई कॅमेऱ्यामागे आली की पुढची बाई आपोआप माणूस होते, असं मानणाऱ्यांनी हा व्हिडिओ बघावा. पैसा कोणाचा आणि कंबर मोजणारा कोण, हे बदललं नाही तर कॅमेरा बाईच्या हातात असून भागत नाही. भूताच्या सिनेमात निदान उमाला तोंड होतं. या तीन मिनिटांच्या गाण्यांत मुलीला तोंड असतं ते फक्त दुसऱ्याच्या आवाजावर हलवण्यापुरतं.

तरीही मी बंदीच्या बाजूची नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ सालचा आहे. आपण पोस्टरांना काळंही फासलं. त्या पोस्टरांच्या जागी दुसरी पोस्टरं आली.

थोडं मागे जाते. या देशात सिनेमा दिग्दर्शित करणारी पहिली बाई फातमा बेगम. १९२६ मध्ये मुंबईत तिनं 'बुलबुल-ए-परिस्तान' काढला. तो वास्तवातला संसार-बिंसार नव्हता, पऱ्यांचा आणि कॅमेऱ्याच्या करामतींचा अद्भुत सिनेमा होता. आज त्याची प्रत उरलेली नाही. चौऱ्याण्णव वर्षांनी, २०२० मध्ये, अन्विता दत्त या हिंदी सिनेमाची गाणी लिहिणाऱ्या बाईनं पहिला सिनेमा दिग्दर्शित केला, त्याचंही नाव 'बुलबुल'. बंगालमधल्या जमीनदाराच्या घरातली बालवधू, नवरा मारून मारून तिचे पाय मोडतो, आणि गावात उलट्या पावलांची चेटकीण फिरू लागते. हडळीची पावलं उलटी का, याचं इतकं साधं उत्तर मी आधी ऐकलं नव्हतं. पाय तिचे जन्मापासून उलटे नव्हतेच. सई परांजपे, विजया मेहता, सुमित्रा भावे ही नावं आपण अभिमानानं घेतो, घ्यायलाच हवीत. पण बायांनी सामाजिक सिनेमे करावेत, हळवे करावेत, आणि भुतं, गाणी, करामती पुरुषांकडे ठेवाव्यात, अशी एक अलिखित वाटणी होऊन बसली आहे. पैसा त्या दुसऱ्या बाजूला आहे, आणि पोरंबाळं बघतातही तेच.

अरुणाबाईंचा 'फायरब्रँड' २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, मराठीत, त्यांच्या वयाच्या सत्तरीनंतर. कोल्हापूरच्या उषा जाधवनं त्यात कौटुंबिक न्यायालयातल्या वकिलाचं काम केलं आहे. सुनंदा दलित आहे, शाळकरी वयात तिच्यावर बलात्कार झालेला आहे. इतरांचे घटस्फोट ती ठणकावून लढवते आणि रात्री स्वतःच्या घरात घाबरून उठते. म्हणजे झपाटणं आहेच, पण ते बाहेरून आलेलं कोणी नाही, तिचीच आठवण आहे. भगताच्या जागी समुपदेशक आला आहे. शेवटी सुनंदा जे करते त्यावरून आपल्यात भांडण होणार. मलाही तो शेवट सगळा पटलेला नाही. बाईचं मन मोकळं व्हायला पुन्हा एक पुरुषच का लागावा, हा माझा प्रश्न आहे. तो आज रात्री जेवणानंतर सिनेमा बघून आपण काढू. कार्यालयातली पांढरी चादर मागून ठेवली आहे, मोठ्या खोलीत पडदा लावायला दोघी-तिघींनी हात द्यावा.

आणि उद्या सकाळी मोबाईलवर चित्रीकरणाचा वर्ग आहे. त्यासाठी प्रत्येकीनं एक विचार करून यायचा. आपल्या गावात, आपल्या घरात अशी कुठली जागा आहे, जिथे दिवस मावळल्यावर जायची भीती वाटते? मोरी असेल, ओढ्याकडची वाट असेल, एसटीचा थांबा असेल, माडीवरची खोली असेल. भीती कोणाची वाटते, तेही सांगायचं, भूत म्हणून मोकळं व्हायचं नाही. घरी गेल्यावर त्या जागेचं दोन मिनिटांचं चित्रीकरण करायचं. माणूस दिसला नाही तरी चालेल. कॅमेरा हलवू नका, दारावर धरून ठेवा, आणि आवाज नीट येऊ द्या. पुढच्या बैठकीला सगळ्यांची चित्रं एकत्र आणू, आणि जोडायला कसं बसायचं ते मी दाखवीन. खाली नाव प्रत्येकीचं आपापलं लिहायचं, पूर्ण.